रोज एक मिलिमीटर

माझ्या लॅपटॉपवरचं 'ए'चं बटण आणि माझी डावी करंगळी यांचं २०२० पासून पटत नाही. टायपिंग शिकलेल्यांना ठाऊक असेल, 'ए' हा डाव्या करंगळीचा इलाका. माझी करंगळी मात्र बाकीच्या बोटांपासून फटकून जरा बाहेर उभी असते, ग्रुप फोटोतल्या रुसलेल्या आत्येभावासारखी. मग तिचं काम अनामिका करते. ऑफिसात बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. कॉफीचा मग उचलताना कुणाला दिसलंच आणि त्याने विचारलंच, तर मी सांगते, 'निसर्ग.' समोरचा बिचारा म्हणतो, 'म्हणजे जन्मापासून का?' आणि मग सगळी स्टोरी सांगावी लागते.

तर स्टोरी अशी. मार्च २०२० मध्ये सगळं बंद होणार असं दिसायला लागलं, तेव्हा आम्ही ऐरोलीचा फ्लॅट कुलूपबंद करून गावी आलो. गाव म्हणजे म्हसळा. श्रीवर्धनला किंवा दिवेआगरला वीकएंडला जाताना तुमची गाडी म्हसळ्यातून गेली असेल. चहाला थांबला असाल तर तेवढीच आमची-तुमची ओळख. बाजारपेठेपासून जरा आत आमचं घर. आजी, काका-काकू, मागे पोफळीची छोटीशी वाडी. मी पडवीत टेबल टाकून नेटवर्कच्या दोन काड्यांवर ऑफिस चालवत होते आणि आजी माझ्या हेडफोनकडे बघून काकूला विचारत होती, 'ही एकटीच कुणाशी बोलते गो?'

३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. त्या वाऱ्याचं वर्णन मी करणार नाही, टीव्हीवर तुम्ही ते पाहिलंय. आमच्यापुरतं सांगायचं तर वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, गोठ्याचे पत्रे उडून विहिरीपाशी जाऊन पडले आणि वीज गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. ४ तारखेला सकाळी आवराआवर सुरू झाली. पत्र्याचं एक टोक काकाने धरलं, दुसरं मी. काकाचा पाय चिखलात सरकला आणि पत्रा माझ्या डाव्या हातावरून गेला. मनगटाच्या चार बोटं वर, करंगळीच्या बाजूला. एक करंट बोटापर्यंत गेला आणि पाठोपाठ करंगळी बधिर झाली.

जवळच्या एका दवाखान्यात टॉर्चच्या उजेडात आठ टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. बोट बधिर आहे म्हटल्यावर उत्तर आलं, 'सूज आहे, उतरेल. नसेच्या गोळ्या देतो.' लालचुटुक, छोट्या गोळ्या. राग धरावा असा तो दिवस नव्हता. माझ्यामागे रांगेत डोक्यात कौल पडलेली माणसं बसली होती. तरी एक गोष्ट राहून राहून मनात येते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक साधा कागद धरायला सांगायचा आणि तो ओढून बघायचा, एवढीच ती टेस्ट असते. दहा सेकंद लागतात आणि वीज लागत नाही.

इथे एक भाषिक तक्रार. मराठीत 'नस' म्हणजे रक्ताची पण आणि संवेदनेची पण. रक्त थांबलं म्हणजे नस ठीक आहे, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललं, मीसुद्धा! मी इमानेइतबारे लाल गोळ्या खात होते. करंगळी आणि अनामिका मात्र दिवसेंदिवस आत वळत चालल्या होत्या, जणू अदृश्य हँडल धरून बसल्यासारख्या.

पाच आठवड्यांनी मोबाइलला धड रेंज आली तेव्हा मैत्रिणीच्या ओळखीने मुंबईतल्या एका हँड सर्जन बाईंशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांनी कागद धरायला सांगितला. अंगठा सरळ राहीना, टोकाला वाकडा होऊन कसाबसा कागद पकडत होता. स्क्रीनवर त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. 'ई-पास काढ,' त्या म्हणाल्या, 'आणि ये.'

घोणसे घाटातून माणगाव, तिथून मुंबई. जुलैच्या मध्याला ऑपरेशन झालं. अल्नर नर्व्ह पूर्ण तुटली होती. (कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ही नस.) लगेच शिवली असती तर दोन टोकं एकमेकांना पोचली असती, एव्हाना ती आखडून लांब गेली होती. मधला तीन सेंटीमीटरचा तुकडा माझ्याच पायाच्या पोटरीमागून काढून तिथे लावला. त्यामुळे डाव्या पावलाची बाहेरची कड कायमची बधिर आहे. चप्पल घातली की नाही हे त्या बाजूने कळत नाही. हा सौदा मला मान्य आहे.

ऑपरेशननंतर मला वाटलं, झालं. वायर जोडली, आता लाइट येणार. आमच्याकडे महावितरणची माणसं खांब उभे करत होती, तारा जोडत होती आणि एकेका आळीत दिवे लागत होते, तसंच काहीसं. बाईंनी ते चित्र पहिल्याच व्हिजिटला खोडून टाकलं. नस तुटली की तुटलेल्या जागेपासून पुढचा, बोटांकडचा सगळा तंतू मरतो. ऑगस्टस वॉलर नावाच्या इंग्रज डॉक्टरने बेडकांच्या जिभेतल्या नसा कापून हे १८५० मध्ये दाखवलं होतं. उरते ती फक्त रिकामी नळी. ती टाके घालून जोडायची आणि वरच्या, जिवंत टोकातून नवे कोंब त्या नळीतून खाली उतरण्याची वाट बघायची. मला एकदम आमच्या परसातला पडवळाचा मांडव आठवला. जुना वेल सुकला तरी मांडव उभा असतो आणि नवा वेल त्याच्याच आधाराने चढतो. फक्त स्पीड? साधारण रोज एक मिलिमीटर. नखांच्या दसपट वेगाने म्हटलं तर भारी वाटतं. बारा-तेरा सेंटीमीटर लांबच्या स्नायूपर्यंत म्हटलं की कॅलेंडर उघडावं लागतं.

आणि दुसऱ्या बाजूने घड्याळ चालू असतं. नसेशिवाय राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षाने इतका सुकतो, की नंतर नस पोचली तरी उपयोग नाही. हाताजवळची जखम म्हणून मी नशीबवान. खांद्याजवळ नस तुटलेल्या बाइकवाल्या मुलांना ही शर्यत जिंकता येणं फार अवघड असतं.

मग मी तो प्रश्न विचारला, जो माझ्या पिढीतलं कुणीही विचारेल. 'डॉक्टर, हे फास्ट करायला औषध काय?'

'तसं औषध असतं तर मी पेनही खाली न ठेवता लिहून दिलं असतं,' त्या म्हणाल्या.

मी आयटीवाली. 'नाही' हे उत्तर आम्ही एस्कलेट करतो. प्लास्टर असलेल्या त्या तीन आठवड्यांत आणि नंतरच्या कित्येक रात्री मी उजव्या हाताने एक-एक अक्षर टाइप करत वाचत राहिले. पहिली चौकशी अर्थातच लाल गोळीची. ती मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ या जीवनसत्त्वाचं एक रूप. तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यातही तिची स्ट्रिप असेल, बघा. अंगात बी-१२ कमी असेल तर नसा खरंच बिघडतात आणि ही गोळी खरंच काम करते. शाकाहारी माणसांत ही कमतरता अगदी कॉमन. उंदरांना भरपूर मोठे डोस दिले तेव्हा तुटलेल्या नसा बऱ्या वाढल्याचंही प्रयोगांत दिसलंय. पण माझं बी-१२ नॉर्मल होतं (घरात मासे नसतील तर आजी जेवण मानतच नाही), आणि नॉर्मल माणसाची कापलेली नस त्या गोळीने लवकर वाढते याचा भक्कम पुरावा नाही. रात्री हाताची आग व्हायची म्हणून मला प्रीगॅबालिनही दिलं होतं. त्याने आग कमी झाली, झोप लागली, सकाळच्या मीटिंगमध्येही लागली. ते दुखणं दाबतं, नस वाढवत नाही.

मग हायफाय मंडळी. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन बाईंची गोष्ट तर सिनेमा काढावा अशी. ज्यू म्हणून मुसोलिनीच्या काळात विद्यापीठातून हाकललं, तर त्यांनी घरातल्या बेडरूममध्ये प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांच्या नसा अभ्यासल्या. नसा वाढवणारं प्रथिन त्यांनी पुढे अमेरिकेत शोधलं आणि १९८६ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर नोबेल मिळवलं. मी उठूनच बसले. नसा वाढवणारं प्रथिन! मग ते इंजेक्शनमध्ये का नाही? कारण माणसाला टोचलं की ते टोचलेली जागा भयंकर दुखवतं आणि मधुमेहींच्या नसांवर केलेल्या मोठ्या चाचणीत ते फेल गेलं. आज ते औषध म्हणून मिळतं, अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, पण डोळ्यांच्या थेंबांच्या रूपात, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नसांसाठी. माझ्या करंगळीला त्याचा काय उपयोग?

टॅक्रोलिमस हे आणखी एक नाव. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं हे औषध, बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून देतात. ते दिलेल्या उंदरांच्या नसा जास्त वेगाने वाढल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हातांचं प्रत्यारोपण झाल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्याचे हात लावलेल्या अशा पेशंटना हे औषध घ्यावंच लागतं आणि त्यांच्यात संवेदना अपेक्षेपेक्षा लवकर उतरते, असं डॉक्टरांना दिसलंय. मी उत्साहाने बाईंना मेसेज टाकला. उत्तर आलं : 'कोरोनाच्या साथीत एका करंगळीसाठी तुझी प्रतिकारशक्ती बंद करू?' स्मायली नव्हती.

तर माझी ट्रीटमेंट अशी चालली. बाई किंवा फिजिओ माझ्या हातावर जखमेच्या पुढे बोटाने टकटक करायचे. जिथे टकटक केली की करंगळीत मुंग्या येतात, तिथपर्यंत कोंब पोचले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, एका फ्रेंच आणि एका जर्मन डॉक्टरने ही खूण वेगवेगळी लिहून ठेवली, दोघांचे देश एकमेकांशी लढत असताना. मी हातावर बॉलपेनने तारीख आणि रेघ मारायचे. ऑक्टोबरची रेघ, नोव्हेंबरची रेघ. प्रोजेक्ट ट्रॅकरपेक्षा तो हात अपडेटेड होता.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा म्हसळ्याला आले, आणि इथून गोष्ट माझ्या गूगलच्या बाहेर गेली.

बोटं तोवर आत वळलेलीच होती आणि अंगठ्याशेजारचा उंचवटा सुकून खड्डा पडला होता. बाजारात दुकानदाराने सुट्टे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले. आता, त्या दिवसांत सगळेच तसं करत होते, कोरोना होता. पण माझ्यामागच्या बाईच्या हातात त्याने पैसे दिले. आपल्याला भास होतोय असं मी स्वतःला सांगितलं. मग आजीच्या एका जुन्या मैत्रिणीने पडवीत बसून माझ्या हाताकडे बराच वेळ बघितलं आणि आजीला हळूच विचारलं, 'रगतपिती नाय ना?'

आजीने तिला चहा न देता घालवलं. माझ्या आठवणीतलं असं हे पहिलंच उदाहरण.

डिसेंबरमध्ये आशाताई घरी आली. क्षयरोग आणि कुष्ठरोगाचे पेशंट शोधण्याची मोहीम होती, दारोदार. तिने माझा हात बघितला आणि अजिबात न घाबरता, न लाजता विचारलं, 'ताई, अंगावर फिका, बधिर चट्टा आहे का कुठे?' मी पत्र्याची गोष्ट सांगितली, व्रण दाखवला. ती हसली. म्हणाली, 'मग गोळ्यांचा उपयोग नाय. तसला आजार असता तर गोळ्या असत्या.'

चार महिने इंग्रजी पेपर वाचून मला जे सापडलं नव्हतं, ते तिने पडवीत उभं राहून सांगितलं. मी तिच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि नीट समजून घेतलं. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागातल्या नसांत, त्यांच्या श्वान पेशींत घर करतो. (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे.) माझी तुटली ती अल्नर नस त्याची आवडती, फक्त तो ती कोपरापाशी गाठतो. मग शरीराची प्रतिकारशक्ती जंतूवर तुटून पडते, नस सुजते आणि स्वतःच्याच वेष्टनात गुदमरते. बोटं वळतात, माझ्यासारखीच. पण नस तुटलेली नसते. वेल जिवंत असतो, त्याला फास बसलेला असतो. प्रेडनिसोलोन ही स्वस्तातली स्टेरॉइडची गोळी ती सूज उतरवते. रोज ४० मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून काही महिने हळूहळू कमी करत जायचं, आणि नस बिघडून सहा महिने उलटायच्या आत सुरू करायचं. सगळ्यांचे हात पूर्ण सुधारतात असं नाही, पण पुष्कळांचे सुधारतात. जंतू मारणारी औषधं वेगळी, ती सरकारी दवाखान्यात फुकट.

म्हणजे ज्या वाकड्या हाताला औषध आहे, तो हात लोक लपवतात. आणि मी, जिला कुणी काही म्हणायच्या आत आठ टाक्यांचा व्रण दाखवता येत होता, औषधासाठी जग धुंडाळत होते.

त्या रात्री जेवताना मी हे सगळं सांगत होते. आजी नेहमी मध्ये बोलते, त्या दिवशी बोलली नाही. काकू भांडी घासायला गेल्यावर म्हणाली, 'तुज्या आजोबांना एक भैन होती.'

मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि हे मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. आजोबांची धाकटी बहीण, महाडच्या बाजूला दिली होती. १९७० च्या आसपास तिची बोटं वळायला लागली. नवऱ्याने माहेरी आणून सोडली. कायद्यानेही तो तिला घटस्फोट देऊ शकला असता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण आपल्याकडे २०१९ पर्यंत कायद्यात होतं. दोन हजार एकोणीस, टायपो नाही. घरी तिला मागच्या मांगरात वेगळं ठेवलं, ताट वेगळं, हंडा वेगळा. चार-पाच वर्षांत ती गेली, तापाने, असं आजी म्हणाली.

मला हिशोब मांडायची सवय, मी तो मांडलाच. जंतूवरचं डॅप्सोन तेव्हा होतं, कुष्ठरोगाचा सरकारी कार्यक्रम १९५५ पासून चालू होता. स्टेरॉइडच्या गोळ्याही होत्या. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ हॉस्पिटल १८९० पासून होतं. जे.जे.तले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया कुष्ठरुग्णांचे हात ऑपरेशनने सरळ करत होते, आणि त्याच सत्तरच्या दशकात ते आमच्याच जिल्ह्यात, किनाऱ्यावर मांडव्याला, गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवत होते. मांडवा ते म्हसळा हे अंतर नकाशावर काहीच नाही. 'तिला दाखवलं होतं कुणाला?' मी विचारलं. आजी म्हणाली, 'दाखवायचं कसं? दाखवलं की कळनार.'

मार्च २०२१ मध्ये अंघोळ करताना करंगळीला पाणी गरम लागलं. नुसतं गरम नाही, चटका! मी बाथरूममधून ओरडले, आई धावत आली. पुढे सहा महिन्यांत बोटं बरीचशी सरळ झाली, कागद धरता यायला लागला, थोडा थरथरत. करंगळी बाहेर राहिली ती राहिलीच. बाईंनी प्लॅन बी म्हणून स्नायूची दोरी एका जागेवरून दुसऱ्या जागी वळवायचं ऑपरेशन सुचवून ठेवलं होतं. ते आपल्याच देशात, वेल्लोरला, पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीला कुष्ठरुग्णांच्या वळलेल्या बोटांसाठी बसवलं. माझ्यावर ती वेळ आली नाही. लाल गोळ्या मी वर्षभर घेतल्या, खरं सांगायचं तर. पुरावा नाही हे माहीत असूनही. रात्री काहीतरी गिळलं की झोप यायची.

गेल्या गणपतीत गावी गेले तेव्हा आजीला म्हटलं, तिचा फोटो आहे का? आजीने ट्रंकेच्या तळातून काढला. आजोबांच्या धाकट्या भावाच्या लग्नातला ग्रुप, पिवळा पडलेला. मागच्या रांगेत कडेला एक हडकुळी, हसरी बाई उभी. उजवा हात पुढच्या पोराच्या खांद्यावर, डावा पदराखाली. मी मोबाइलवर फोटो काढला, झूम केला. पदराखालून काही दिसत नव्हतं.

'तिनेच झाकला असेल,' मी म्हटलं.

'नाय गो,' आजी म्हणाली. 'मीच सांगितलेलं, पदर घे म्हणून.'